खांब नसलेलं वळण

माझ्या आईने आयुष्यभर मुलींना पळायला शिकवलं. पुण्यातल्या एका मुलींच्या शाळेत ती खेळाच्या बाई होती आणि तिच्या मते खो-खो हा एकच खरा खेळ. बाकीचे सगळे वेळ घालवायचे प्रकार. खोचलेला पदर, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी, अशीच ती मला आठवते. तीच आई करोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात बाथरूमच्या दारातल्या पायपुसण्याला अडखळून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन झालं, चांगलं झालं. डॉक्टरांनी लगेच तिला वॉकर धरून उभंही केलं. घरी आल्यावर चालण्याचे व्यायाम करून घ्यायला फिजिओथेरपिस्ट येणार होती, पण सोसायटीने गेट बंद केलेलं. दूधवाल्याला आत सोडत नव्हते, तिथे तिला कोण सोडणार? भाऊ आणि वहिनी आपापल्या परीने आईला चालवत होते. एके दिवशी वॉकर फरशीवरून सरकला, आईचा झोक गेला, वहिनीने तिला वरच्यावर धरलं. लागलं काहीच नाही. पण त्या दिवशी आई पलंगावर बसली ती बसलीच. डॉक्टरांनी भावाला फोनवर स्पष्ट सांगितलं, की आत्ता चालल्या नाहीत तर पुढे चालणं कठीण आहे.

मी इथे वॉलॉंगॉंगला. त्या वर्षी ऑस्ट्रेलियाने बाहेरच्यांना आत येऊ दिलं नाही हे सगळ्यांना माहीत आहे. आतल्यांनाही बाहेर जाऊ दिलं नाही, हे सांगितलं तर पुण्यातल्या लोकांना आधी पटायचंच नाही. मी परवानगी मागितली, मिळाली नाही. पुन्हा मागितली, पुन्हा मिळाली नाही. मग हातात राहिला तो फोन. पोलादाच्या कारखान्यातल्या लॅबमधली शिफ्ट संपली की मी कार पार्कमध्येच बसून व्हिडिओ कॉल लावायचे आणि आईला चालण्याचं महत्त्व समजावून सांगायचे. जिने अर्ध्या पुण्याला पळवलं, तिला मी चालण्याचं महत्त्व सांगत होते. पण भीतीने मला दुसरं काही सुचत नव्हतं. आईचं जग त्या एका पलंगाएवढं होणार आणि मी ते इथून, हातभर अंतरावरच्या काचेतून बघत राहणार, असं मला रोज वाटायचं.

"आज चाललीस का?"

"नाही."

"अगं, पण का?"

"बसलेल्या खेळाडूने खो मिळाल्याशिवाय उठायचं नसतं. विसरलीस?"

"मग घे. खो!"

"फोनवरून खो चालत नाही," आई म्हणाली. "पाठीला हात लागावा लागतो."

फोन धरून बसलेली वहिनी खळखळून हसली. मला हसू आलं नाही.

एक दिवस माझा तोल सुटला. मी कारमध्ये बसून ओरडले, की आई, तू भित्री आहेस, भित्री, आणि तुझ्या शाळेतल्या मुलींना कळलं तर त्यांना लाज वाटेल. एरवी व्हिडिओ कॉलवर मला आईचं अर्धं कपाळ आणि छताचा पंखा दिसायचा. त्या दिवशी तिने वहिनीच्या हातातून फोन घेतला आणि तोंडासमोर धरला.

"तुझी ती बर्फावरची फळी कुठंय?"

"कुठली? ती होय. असेल गॅरेजमध्ये."

"लग्न झालं, पोरं झाली, दिलीस टाकून. माझ्या शाळेतल्या सगळ्यांनी तेच केलं. एकेक मुलगी अशी पळायची की धूळ दिसायची नुसती. आता गुडघे चोळत भिशीला जातात. मला वाटलं होतं निदान माझी तरी मैदान सोडणार नाही." मग थांबून म्हणाली, "तू आधी त्या फळीवर उभी राहा. मग ये मला धीर द्यायला."

फोन बंद. मला राग आला होता, आणि राग यायचं कारण उघड होतं. म्हातारीचं म्हणणं बरोबर होतं.

ती फळी म्हणजे माझा स्नोबोर्ड. नव्वदच्या दशकात मी इथल्या युनिमध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटीत, धातुशास्त्र शिकायला आले तेव्हा माझ्या बरोबर राहणारी मुलगी पहाडातली होती, कूमाच्या बाजूची. जुलैच्या, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्याच्या, सुट्टीत तिने मला वर पहाडात नेलं. आम्ही दोघी एका लॉजमध्ये भांडी घासायचो आणि सुट्टीच्या दिवशी ती मला बोर्डवर उभं करायची. इतरांना उड्या मारण्यात मजा यायची, मला कार्व्हिंगचा नाद लागला. नवशिका बोर्ड आडवा करून बर्फ खरवडत खाली येतो. मागे झाडूने सारवल्यासारखा पट्टा उरतो. कार्व्हिंग म्हणजे बोर्ड कलवून त्याच्या पोलादी धारेवर उभं राहायचं आणि धारेला वळू द्यायचं. मग बर्फ खरवडत नाही, कापला जातो. कातणीने करंजीची कड कापावी तशी एक बारीक, स्वच्छ रेघ मागे उरते. ती रेघ मागे वळून बघण्यासाठी मी तासन्‌तास थंडीत काढलेत.

मी चांगली होते, हे सांगायला आता कसली लाज. पण एक खोड कधी गेली नाही. पायाच्या बोटांकडच्या धारेवर वळताना माझा आतल्या बाजूचा हात आपोआप बाहेर जायचा, बर्फाकडे, हवेत काहीतरी पकडायला गेल्यासारखा. हात गेला की मी कमरेत वाकायचे, कमरेत वाकलं की धार सुटायची. मैत्रीण वरून ओरडायची, "व्हॉट आर यू रीचिंग फॉर, मेट?" मला कुठे माहीत होतं? मग नोकरी आली, नवरा आला, दोन मुलं आली. वर्षाची सगळी रजा डिसेंबरात पुण्याला जाण्यात खर्च व्हायची आणि डिसेंबरात इथे बर्फ नसतो. कोणी अडवलं नाही मला. पंचवीस वर्षं अशीच गेली.

त्या वर्षी रजा शिल्लक होती आणि जायला पुणं नव्हतं.

बोर्ड गॅरेजच्या वरच्या फळीवर सापडला, गणपतीच्या मखराच्या खोक्यांमागे. धारांवर गंज होता, पण पोलाद माझ्या रोजच्या पोटापाण्याचं. कानस काढली, एक अख्खा रविवार धारा घासल्या, नखावर फिरवून बघितल्या. नवरा चहा घेऊन आला आणि बघत उभा राहिला.

"हे तू खरंच करणारेस? या वयात?"

"माझं वय मला माहितीय."

"हॉस्पिटलांमध्ये आधीच गर्दी आहे, म्हणून म्हटलं."

मी त्याच्यासमोर ऐटीत बुटात पाय घातला, बूट बोर्डला अडकवला आणि जोर दिला. बुटाचं प्लॅस्टिक खारी बिस्किटासारखं फुटलं. लोखंडाची काळजी घेण्याच्या नादात पंचवीस वर्षांत प्लॅस्टिकचं काय होतं हे मी, धातुशास्त्राची एवढी शिकलेली बाई, साफ विसरले होते. नवऱ्याच्या हातातला चहा हसण्याने सांडला.

शेवटी मुलीला घेऊन निघाले. तिची युनि झूमवर चालू होती, ती घरात कंटाळली होती, आणि शूटिंग करायला कोणीतरी हवं होतं. आई पुरावा मागणार हे मला माहीत होतं. बर्फाची तिकिटं मोजकीच सोडत होते. ती मिळवायला मुलीने लॅपटॉपवर अर्धा दिवस रांग लावली. कॅनबेरा मागे टाकून कूमाच्या रस्त्याला लागलो तेव्हा गाडीत थालिपिठांचा वास होता. नवे बूट माझ्या जुन्या बोर्डला बसणारे नव्हते, म्हणून पायथ्याच्या जिंडबाइनला बोर्ड आणि बूट दोन्ही भाड्याने घेतले. दुकानातला मुलगा काउंटरवरच्या प्लॅस्टिकच्या पडद्यामागून म्हणाला, "बिगिनर?" मी हो म्हटलं. वाद कोण घालणार? पण त्या बोर्डच्या धारा लाकडी चमच्यासारख्या बोथट होत्या, म्हणून मोटेलच्या पायरीवर बसून मी त्यांनाही कानस मारली.

पहिला दिवस विचारू नका. पाय अडकवून उभी राहिले आणि मला कळलं की उतार आठवणीतल्यापेक्षा खूप जास्त आहे. खरं तर तो मुलांना शिकवायचा उतार होता. चिमुरडी पोरं माझ्या दोन्ही बाजूंनी सूं करून जात होती. मी टाचेवर बोर्ड आडवा धरून इंच इंच खाली घसरत होते, गुडघे लाकडासारखे ताठ. मग पडले. उजव्या बाजूवर, नेमकी खुब्यावर.

दुखलं फारसं नाही. पण पडता पडता, त्या एवढ्याशा वेळात, मला आईच्या घरची फरशी दिसली, ते पायपुसणं दिसलं. मी बर्फात बसून राहिले. उठायला काहीच हरकत नव्हती. हात चालत होते, पाय चालत होते. पण उठले तर पुन्हा पडेन, आणि बसलेला माणूस पडत नाही, एवढं एकच डोक्यात होतं. इतके दिवस मी आईला फोनवरून काय काय ऐकवलं होतं ते सगळं आठवलं आणि मला रडू आलं. तोंडावर गुंडाळलेल्या मफलरमुळे ते कोणाला दिसलं नाही, तेवढं बरं झालं.

मुलगी बर्फातून धडपडत वर आली. "आई, यू ओके?"

"हो."

"डू यू वॉन्ट टू स्टॉप?"

मी विचार केला. "अजून थोडा वेळ बसते. मग बघू."

ती माझ्या शेजारी बसली. बऱ्याच वेळाने मी उठले. धीर वगैरे काही आला नव्हता. बूड ओलं झालं होतं आणि गार लागत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगाला काहीतरी आठवलं. डोक्याला नाही, अंगाला. खुर्चीच्या लिफ्टने वर गेलो. त्या वर्षी अनोळखी माणसाशेजारी बसवत नव्हते, म्हणून लांबलचक खुर्चीवर आम्ही दोघीच, खाली गम ट्री, म्हणजे इथली निलगिरीची झाडं, आणि त्यांच्यावर बर्फ. जरा मोठ्या उतारावर मी टाचांवर कलले, गुडघे वाकवले, आणि बोर्डाचा खरवडण्याचा आवाज एकदम थांबला. धार लागली होती. मी वळत होते, काही न करता वळत होते. इतका आनंद झाला की मी मराठीत किंचाळले. मग बाजू बदलली, बोटांवर आले, आणि हात गेला. तोच हात, तसाच. कमरेत वाकले, धार सुटली, तोंडावर आपटले. पुन्हा वर, पुन्हा तेच. एका बाजूचं वळण सुरेख, दुसऱ्या बाजूला भोपळा. संध्याकाळपर्यंत हेच.

मोटेलवर येऊन मुलीने त्यातल्या त्यात बरं शूटिंग पुण्याला पाठवलं. थोड्या वेळाने मी फोन लावला. तिकडे दुपार होती. वहिनीने फोन धरला होता, आई पलंगावर पाय सोडून बसली होती, चष्मा लावून. शेजारी वॉकर, त्याच्यावर टॉवेल वाळत घातलेला.

"बघितलंस?" मी विचारलं. "उभी राहिले की नाही?"

"पडलीस ते कुठंय?"

"म्हणजे?"

"हे चांगलं चांगलं काय पाठवतेस. पडलीस ते पाठव."

मुलीने पडल्याचे तुकडे पाठवले. त्यांना तोटा नव्हता. आई भावाच्या फोनवर ते बघत बसली. एकदा, दोनदा, पुन्हा. मध्येच वहिनीला म्हणाली, "थांबव. इथे थांबव." चष्मा कपाळावर ढकलून तिने फोन नाकाशी नेला.

"काय गं," ती म्हणाली, "तिथे खांब कुठंय?"

"कसला खांब?"

"तोच विचारतेय मी. खांब नाही तर हात कशाला टाकतेस?"

शाळेत मी आईच्याच संघात होते. माझं पळणं बेताचं, पण खांबावरचं वळण माझं, असं सगळे म्हणायचे. पूर्ण वेगात यायचं, खांबाला हाताचा विळखा घालायचा, कमरेतून झुकायचं आणि गर्रकन पलीकडे. सात-आठ वर्षांची असल्यापासून रोज संध्याकाळी आईने ते माझ्याकडून घोटून घेतलं होतं. मैत्रिणीला जे कळलं नाही, मला जे कळलं नाही, ते या बाईने बोटभर स्क्रीनवर, हजारो मैलांवरून, थालिपीठ उलटायला लागतो तेवढ्या वेळात ओळखलं. माझा हात इतकी वर्षं शाळेच्या मैदानातला खांब शोधत होता.

"मग काय करू?" मी विचारलं. मला माझाच आवाज शाळेतला वाटला.

"कमरेत वाकू नकोस. गुडघ्यात बस. हात पुढे, दोन्ही."

"म्हणजे कसे?"

"असे," असं म्हणून आईने बसल्या बसल्या हात पुढे केले.

"पण तू बसलीयस. बसून मला गुडघे कसे कळणार?"

शपथेवर सांगते, मी मुद्दाम नाही विचारलं. मला खरंच कळत नव्हतं. आई वैतागली. "एवढी घोडी झाली तरी दाखवावं लागतं," ती पुटपुटली, वॉकरवरचा टॉवेल तिने बाजूला फेकला, वॉकरला धरलं आणि उभी राहिली.

वहिनीच्या हातातला फोन हलला. मला पंखा दिसला, भिंत दिसली, मग पुन्हा आई.

"फोन नीट धर गं, तिला दिसत नाहीये," आई वहिनीवर खेकसली. मग मला म्हणाली, "हे बघ. पाठ सरळ. गुडघे असे. आणि हात," इथे तिने वॉकर सोडला, "हात इथे. समोर. जिथे जायचंय तिकडे. बाजूला नाही."

ती उभी होती. साडीच्या निऱ्यांखाली गुडघे जरासे वाकलेले, दोन्ही हात पुढे, मान ताठ. शेजारी बसलेल्या मुलीने माझं मनगट घट्ट पकडलं, आणि देवाची कृपा, तीही काही बोलली नाही.

"कळलं?"

"पुन्हा दाखव," मी म्हणाले.

आईने पुन्हा दाखवलं. मग वॉकर धरून हळूच खाली बसली आणि धापा टाकत म्हणाली, "उद्या दोन्ही बाजू पाठव. आणि खांब सोड आता, किती वर्षं धरून बसणार?" फोन ठेवल्यावर मी मोटेलच्या पलंगावर पालथी पडून हमसाहमशी रडले. मुलगी माझ्या पाठीवरून हात फिरवत होती आणि मध्ये मध्ये स्वतःही नाक पुसत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी बर्फ कडक होता, धारेला हवा तसा. पहिल्या काही फेऱ्यांत हात सुटलाच. मग मी आई जशी उभी होती तशी उभी राहिले. हात समोर, जिथे जायचंय तिकडे. बोटांवर कलले. हात जागचा हलला नाही. खाली येऊन मागे पाहिलं तर उतारावर दोन्ही बाजूंना वळलेली एक सलग रेघ होती. मुलीने तिचा फोटो काढला. पुण्याहून उत्तर आलं, वहिनीने टाईप केलेलं: आई म्हणतायत, डावं वळण अजून कच्चं आहे.

पुढच्या आठवड्यांत जमेल तेव्हा मी पुन्हा वर जाऊन बर्फाचं शूटिंग पाठवत होते आणि आई चुका काढत होती. चुका काढायला तिला उभं राहावं लागायचं, आणि एकदा उभं राहिलं की गॅलरीपर्यंत जाऊन यायची, असं वहिनी मला हळू आवाजात सांगायची. आम्ही त्या विषयावर आईशी अवाक्षर बोललो नाही. ते सगळं सरळ रेषेत झालं असंही नाही. मध्ये तिला ताप आला, सगळ्यांचा जीव टांगणीला लागला, पुन्हा पलंग, पुन्हा पहिल्यापासून. पुढच्या हिवाळ्यात आम्ही इकडे लॉकडाऊनमध्ये अडकलो आणि बोर्ड गॅरेजमध्येच राहिला. तेव्हा मी घरातल्या गालिच्यावर मोजे घालून उभी राहायचे आणि आई तिकडून शिट्टीशिवाय शिट्टी वाजवायची.

सीमा उघडल्या तशी मी पहिल्या मिळेल त्या विमानाने गेले. सोसायटीचा जिना चढले. बेल वाजवली. आतून भावाचा आवाज आला, "थांब, मी उघडतो," आणि त्याच्यावर आईचा, "तू बस." मग बराच वेळ काही नाही. नुसती पावलं, फरशीवर घासत येणारी, मध्येच थांबणारी. मी दाराबाहेर उभी राहून ती ऐकत होते.

दार उघडलं. आई माझ्या आठवणीपेक्षा बरीच लहान झाली होती, एका बाजूला किंचित झुकलेली. वॉकर कुठे दिसत नव्हता. एक हात दाराच्या चौकटीला घट्ट धरलेला होता. माझं लक्ष त्या हाताकडे गेलेलं तिने पाहिलं, आणि काढून घेतला.